गोऱ्या गवंड्याचं द्राक्षासव

आमच्या घरात ‘दारू’ हा शब्द फक्त सभेत उच्चारायचा असे, आणि आमच्या घरातून सगळ्यात जास्त खपणारं औषध होतं द्राक्षासव. या दोन गोष्टी एकाच छपराखाली वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं नांदत होत्या. मी भोरला सून म्हणून आले तेव्हा मला हे जरा चमत्कारिक वाटलं. पण चमत्कारिक वाटून घेण्याचा अधिकार त्या काळी सुनेला नसे, म्हणून मी मुकाट्यानं बरण्या पुसायला लागले.

माझे सासरे वैद्य. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. सकाळी ओटीवर दवाखाना आणि दर एकादशीला संध्याकाळी त्याच ओटीवर दारूबंदी मंडळाची सभा. अध्यक्ष अर्थातच मामंजी. कचेरीतले दोन-तीन कारकून, एक पेन्शनर मास्तर, एक वकील अशी मंडळी जमायची. हातभट्टीनं मावळातली घरं कशी धुळीला मिळाली यावर मामंजी अगदी पोटतिडकीनं बोलत. ते खोटं नव्हतं आणि मामंजी ढोंगीही नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते. सभा संपली की मंडळी चपला शोधण्याच्या निमित्तानं रेंगाळायची. कुणाला अपचन असायचं, कुणाला झोप नसायची, वकिलांना तर बारा महिने अशक्तपणा. मग मामंजी मला आतून बरणी आणायला सांगत. जेवणानंतर दोन पळ्या, तितक्याच पाण्याबरोबर. वकील म्हणायचे, पाणी मी घरी गेल्यावर घालीन. मामंजींचा माणसांवर विश्वास होता.

अशा या ओटीवर एके सकाळी एक गोरा माणूस येऊन बसला. डोक्याला मुंडासं, अंगात बंडी, खाली खाकी विजार आणि एक गुडघा सुजून भोपळा झालेला. मामंजी बाहेर आले तसा तो म्हणाला, ‘‘वैदा, माजा गुडगा बग. लई दुखतुया.’’

मामंजी पोस्टमनलासुद्धा अहोजाहो करणारे. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्यामागे दुसरा कुणी वैद्य उभा आहे का ते पाहिलं. ओटीखाली बसलेल्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मामंजी म्हणाले, ‘‘आपण बसा. पाय लांब करा.’’ पुढं इतकी वर्षं ओळख राहिली, पण तो मामंजींना ‘तू’ म्हणत राहिला आणि मामंजी त्याला ‘तुम्ही’. दोघांनाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

तो इटलीचा. भाटघरचं धरण बांधत होते तेव्हा दगडकामावर मुकादम म्हणून मुंबईच्या कुणा कंत्राटदारानं त्याला आणलं होतं. त्याचं मराठी पाथरवटांच्या हाताखाली घडलेलं. शिव्या अस्सल, व्याकरण मोडकं. धरण पुरं झालं, बाकीचे आपापल्या वाटेनं गेले, पण हा वेल्ह्याकडं एक डोंगरउतार पाहून आला आणि तिथंच अडकला. का, तर तो उतार त्याच्या गावासारखा होता. फक्त समुद्र नव्हता. तो म्हणे, समुद्राचं बघू मागनं. वेल्ह्याची माणसं त्याला गोरा गवंडी म्हणत. आमच्याकडंही तेच नाव पडलं.

त्याच्या गावाचं वर्णन आम्ही इतक्यांदा ऐकलं की मला ते माझ्या माहेरापेक्षा जास्त पाठ झालं. पहिल्यांदा त्यानं ते सासूबाईंनी नुकत्याच सारवलेल्या ओटीवर कोळशानं काढून दाखवलं. सासूबाई दारातून बघत होत्या आणि त्यांचे ओठ जपात असल्यासारखे हलत होते. जप नव्हता तो. किनाऱ्याला लागून पाच गावं. समुद्रातून सरळ डोंगर वर चढलेला आणि डोंगरावर पायरीवर पायरी, आपल्याकडं भातासाठी ताली घालतात तशा दगडी बांधांच्या. ना चुना, ना माती, नुसता दगडावर दगड. त्या पायऱ्यांवर द्राक्षं. समुद्राचा वारा इतका मारतो की वेल उंच चढवायची सोय नाही. मांडव गुडघ्याएवढा बुटका, त्याखाली माणसानं रांगायचं आणि घड तोडायचे उताणं पडून. काही ठिकाणी उतार असा की टोपल्या डोक्यावरून नेता येत नाहीत, दोरानं खाली होडीत सोडतात.

‘‘म्हणजे उताणं पडून शेती करायची,’’ पेन्शनर मास्तर म्हणाले. ‘‘बरं आहे.’’

गवंड्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. द्राक्षांच्या तीन जाती, तिन्ही पांढऱ्या. बोस्को, आल्बारोला आणि वेर्मेंतिनो. फरक काय विचारलं तर म्हणाला, ‘‘बोस्को म्हंजी भाकर. आल्बारोला म्हंजी ताक. वेर्मेंतिनो म्हंजी वरनं कोथमीर.’’ मला हे लगेच समजलं. वकिलांनी मात्र पुढं बरेच दिवस ही नावं अशी फेकली की जणू त्यांचं आजोळच तिकडं होतं.

या तिन्हींची मिळून रोजची दारू व्हायची. ती फिकी, कोरडी, पाल्याचा वास असलेली, खारवलेल्या बारीक माशांबरोबर प्यायची. बोलण्यात मासे आले तेव्हा सासूबाई आत निघून गेल्या. पण खरी गोष्ट वेगळी. निवडक घड तोडून सावलीत टांगायचे, सुरकुत्या पडेपर्यंत वाळवायचे, मग मणी खुडून चिरडायचे. टोपलीभर द्राक्षांतून जेमतेम तांब्याभर रस निघतो. तो मुरला की मधासारख्या रंगाची गोड दारू होते, तिचं नाव शाक्केत्रा. ती रोज पीत नाहीत. लग्नाला, बारशाला, नाहीतर आजाऱ्याला.

‘‘आजाऱ्याला?’’ मामंजींनी कान टवकारले.

‘‘व्हय. म्हाताऱ्या मान्साला. बाळंतिणीला.’’

‘‘वाळलेली द्राक्षं, मुरवलेली, अशक्ताला द्यायची. अहो, हे द्राक्षासवच.’’

‘‘न्हाई,’’ गवंडी म्हणाला. ‘‘तुजं आसव म्हंजी मसाला घातल्यालं गुळवणी.’’

मामंजी उठून आत गेले. पुढं गुडघ्याचा लेप महिनाभर मला बाहेर नेऊन द्यावा लागला.

त्यांचं पुन्हा जमलं ते तांदळावरून. गवंड्याच्या मते पाच गावांतली फक्त त्याच्या गावची शाक्केत्रा प्यायच्या लायकीची, बाकीच्या चार गावांत करतात ती पाय धुवायला. मामंजींना हे ऐकून त्याच्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला. कारण मामंजींच्या मते खरा आंबेमोहोर भोरच्या पंचक्रोशीतल्या काही ठरावीक खाचरांतच पिकतो, बाकी मावळात जे पिकतं ते वासाचं गवत. दोघं तासन्‌तास ओटीवर बसून आपापल्या शेजाऱ्यांची नालस्ती करत. इतक्या लांबची दोन माणसं इतक्या मनापासून एकमेकांशी सहमत झालेली मी पुन्हा पाहिली नाहीत.

धरण संपल्यावर तो एकदा गावी जाऊन आला होता. बायकोला घेऊन येतो म्हणून गेला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या द्राक्षाच्या फांद्या घेऊन परतला. बायकोनं सांगितलं होतं, जिथून समुद्र दिसत नाही तिथं मी राहणार नाही. फांद्यांना बोलता येत नसल्यामुळं त्या आल्या. हे तो हसत सांगायचा, आणि मला त्याचा फार राग यायचा. ती बाई माझ्या डोळ्यापुढं यायची, आणि का कोण जाणे, ती नेहमी स्वैपाकघरात पाठमोरी असायची.

त्याला एकच गोष्ट हवी होती. वेल्ह्याच्या उतारावर आपल्या गावची द्राक्षं पिकवायची, आपल्या गावची शाक्केत्रा करायची आणि तिचा एक पेला प्यायचा. त्यानंतर मेलो तरी चालेल, असं तो दर खेपेला म्हणे. आम्हीही दर खेपेला, असं अभद्र बोलू नये, असं म्हणायचो.

मामंजी दर वर्षी थंडी संपताना वेल्ह्याकडं झाडपाला गोळा करायला जात. बैलगाडी, मी आणि दोन पोती. आसवाला धायटीची फुलं लागतात, ती लाल फुलं त्या डोंगरांवर तेव्हा उतू जातात. त्यामुळं गवंड्याचा मळा मला दर वर्षी पाहायला मिळायचा. ताली मात्र देखण्या. त्याच्याकडून बांधून घ्यायला शेजारची माणसं त्याला गुळाचा चहा पाजून पाजून न्यायची. वेलींची गोष्ट वेगळी होती. तिकडचा पाऊस म्हणजे आभाळ फाटल्यासारखा. पानं काळी पडून गळायला लागली तेव्हा गवंड्यानं बुरुडाकडून इरली विणून घेतली आणि वेलींना घातली. भर आषाढात त्या उतारावर वेलींची रांग इरली पांघरून बसली होती आणि भात लावणाऱ्या बायका त्यांना हाका मारत होत्या म्हणे. एकदा त्याला वाटलं, वेलींना समुद्राचा वारा नाही म्हणून त्या रुसल्यात. त्यानं बाजारातनं खडेमीठ आणलं, पाण्यात कालवलं आणि पानांवर शिंपडलं. उरलीसुरली पानं त्या मिठानं गेली.

वेली मेल्या नाहीत, पण फळेनातही. त्याच्या गावच्या रीतीनं तो थंडीत एकदा छाटणी करायचा आणि वेली नुसत्या पाल्यानं माजायच्या. कुणी काही सुचवलं तर म्हणे, ‘‘माज्या बापानं आसंच केलं.’’ मामंजी गाडीत बसल्यावर म्हणत, ‘‘हट्टी माणूस.’’ स्वतःच्या वडिलांच्या औषधांच्या पाठातलं एक अक्षर मामंजींनी कधी बदललं नव्हतं, पण ते वेगळं.

मग लढाई आली. इटली शत्रूकडं गेली, आणि वेल्ह्यात बिनचुन्याच्या ताली घालणारा एक लंगडा माणूस रातोरात साम्राज्याचा दुश्मन झाला. बाहेरून एक फौजदार चौकशीला आमच्या ओटीवर आला. त्यानं विचारलं, ‘‘हा मनुष्य धोकादायक आहे का?’’

मामंजी म्हणाले, ‘‘पथ्य पाळत नाही. एवढंच.’’

मामंजी जामीन राहिले. संस्थानाबाहेर जायचं नाही आणि दर सोमवारी चौकीत हजेरी द्यायची, अशी अट पडली. चौकीच्या आवाराची भिंत ढासळलेली होती. तेव्हा हजेरीला आलेल्या शत्रूकडून ती दर सोमवारी थोडी थोडी बांधून घेण्यात आली. मधेच इटलीनं बाजू बदलली. गवंडी शत्रू होता तो मित्र झाला, पण भिंत अर्धीच झाली होती, म्हणून हजेरी चालू राहिली. घरची पत्रं मात्र बंद झाली ती झालीच. सुरुवातीला तो आमच्याकडं येऊन विचारायचा, कागदात काही आलंय का त्या किनाऱ्याचं. मामंजी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. मोठमोठ्या शहरांची नावं असायची, त्या पाच गावांची कधी आली नाहीत. हळूहळू त्यानं विचारणं सोडलं.

त्याच सुमारास शेळ्यांचं प्रकरण झालं. त्याच्या शेजारणीची शेरडं दिवाळीच्या सुमाराला ताल चढून मळ्यात शिरली आणि त्यांनी सगळ्या वेली बुडख्यापर्यंत खाऊन टाकल्या. गवंड्यानं डोंगर डोक्यावर घेतला. लंगडत लंगडत शेरडं हाकून स्वतः कोंडवाड्यात घातली आणि दाराशी बसून राहिला. शेजारीण आली ती हातवारे करतच.

‘‘आवो गवंडीबाबा, मुकं जित्राब हाय त्ये! त्याला काय कळतंय तुमचं इलायती झाड? आन्‌ आलंय काय त्येला आजवर? पाला तर हाय. शेरडानं पाला न्हाई खायाचा तर काय भजी खायाची?’’

त्या माघात वेलींना घड लागले. लहान, हिरवट, पण घड. नाशिककडचे बागाईतदार दिवाळीच्या आधी मुद्दाम दुसरी छाटणी करतात, तेव्हाच तिथं द्राक्षं येतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. भोरला तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं, शेरडांखेरीज. गवंड्यानं सगळं श्रेय आपल्या गावाला दिलं. ‘‘जात चांगली हाय. येळ लागतो,’’ तो म्हणाला. पण पुढच्या दिवाळीला तो गुपचूप शेजारणीच्या दारात उभा राहिला आणि शेरडं कधी आणतेस म्हणून विचारू लागला. तिनं आधीच्या वर्षीचा कोंडवाडा बरोबर लक्षात ठेवला होता. तीनदा खेपा घालायला लावल्या, तेव्हा कुठं शेरडं पाठवली.

त्या साली घड भरपूर आले. पाखरांपासून राखायला तो मांडवाखालीच झोपायचा. पण तोवर त्याला खोकला लागला होता. पावसाळ्यात धरलेला खोकला थंडीत सुटला नाही. मामंजींनी नाडी पाहिली, खडीसाखर दिली. आत आल्यावर मला म्हणाले, ‘‘येता पावसाळा काढणं कठीण आहे. त्याचं ते काय असेल ते करून टाकायला हवं.’’ ‘ते’ म्हणजे काय हे दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षांच्या तोंडून निघेना. मला कळलं.

आता अडचण अशी, की गवंड्यानं दारू गाळली तर तो गुन्हा, आणि मामंजींनी तेच रांजणात मुरवलं तर ते शास्त्र. शिवाय लढाईमुळं काबुली मनुका बाजारातून नाहीशा झाल्या होत्या आणि आमच्या बरण्या रिकाम्या पडल्या होत्या. मंडळाच्या सभांची उपस्थितीही त्यामुळं बरीच रोडावली होती. तेव्हा ठरलं की द्राक्षं गवंड्याची, बरणी आमची. जे होईल त्यातला पहिला पेला गवंड्याचा, बाकीचं दवाखान्याचं. दोघांनाही मनातून वाटत होतं, आपण दुसऱ्याला गुंडाळलं.

घड आमच्या माळ्यावर आले. बांबूच्या तट्ट्यांवर पसरले, खिडक्यांना गोणपाट लावून सावली केली. गवंडी सांगे, त्याच्या गावी हे सुकायला महिने लागतात. आमच्या माळ्यावरच्या उकाड्यात ते पंधरवड्यात सुरकुतले. मण्यांचा गोड वास घरभर सुटला. सासूबाई पहिले दोन दिवस नाकाला पदर लावून वावरल्या, तिसऱ्या दिवशी मी त्यांना माळ्यावर मणी तोंडात टाकताना पाहिलं.

चिरडायची वेळ आली तेव्हा गवंडी पाय धुऊन उभा राहिला. ‘‘पायानं तुडवायचं,’’ म्हणाला.

‘‘औषध? पायानं?’’ मामंजींना खरोखरच घेरी यायची बाकी होती. बराच वाद झाला. शेवटी सासूबाई, मी आणि वेल्ह्याहून आलेली ती शेरडंवाली शेजारीण, अशा तिघींनी हातानं मणी खुडले आणि परातीत हातानंच चिरडले. शेजारीण बसली ओटीच्या खालच्या पायरीवर, आम्ही वर. सोवळं म्हणून. पण रस एकाच परातीत जात होता. त्याकडं सासूबाईंनी मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं.

इतक्यात अबकारीचा इन्स्पेक्टर हजर. नवा होता, तरुण होता, नियमाला धरून होता. गावात वास सुटलेला. त्याला दोष देता येत नाही. तो परातीपाशी उकिडवा बसला आणि त्यानं अतिशय सभ्यपणे विचारलं, ‘‘वैद्यबुवा, नुसती द्राक्षं मुरवली तर दारू. औषधी घालून मुरवली तर आसव. यात औषधी कुठं आहेत?’’

मामंजींनी गवंड्याकडं पाहिलं. ठराव असा होता की त्याच्या रसात काही म्हणजे काही घालायचं नाही. गवंडी परातीवर ओणवा झाला, जसं काही कुणी त्याचं लेकरू उचलून नेतंय.

‘‘न्हाई. येक पान बी न्हाई.’’

‘‘अहो, धायटी घातल्याशिवाय आसव होत नाही.’’

‘‘माज्या गावाला कुठं हाय धायटी?’’

‘‘मग हे जप्त करावं लागेल,’’ इन्स्पेक्टर हळूच म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं.

गवंडी खोकत खोकत भिंतीला टेकला. बराच वेळ खोकत होता. मग त्यानं हातानं खूण केली, घाल. मामंजींनी मूठभर फुलं घेतली, पुन्हा त्यातली अर्धी परत ठेवली आणि उरलेली मलमलीच्या पुरचुंडीत बांधून रसात सोडली, म्हणजे त्यांची चव होईल तेवढी कमी लागावी. बाकीचा मसाला, दालचिनी, पिंपळी, नागकेशर, काही काही घातलं नाही. मामंजींच्या हातून पाठ मोडल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तुपाचा हात दिलेल्या बरणीत रस भरला, तोंडावर कापड आणि चिकणमाती लिंपली आणि बरणी भाताच्या कणगीत पुरली. आंबेमोहोराच्याच. ते मामंजींनी मुद्दाम केलं.

वैशाखात बरणी उघडायची ठरली. वेल्ह्याहून गवंड्याला गाडीत घालून आणावं लागलं. इतका वाळला होता. त्यानं काळा कोट घातला होता, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा, आणि तो अंगावर असा लोंबत होता की मला बघवेना. एकादशी नव्हती तरी मंडळाची सगळी मंडळी योगायोगानं आली होती. इन्स्पेक्टरही आला, कारण औषध की दारू ते त्याला चाखून ठरवायचं होतं. शेजारीण पायरीवर बसली.

रस गाळला. थोडाच निघाला. मधासारखा, जरा काळसर. गवंड्यानं पळी नको म्हटलं, काचेचा पेला हवा. घरात एकच होता, औषध मोजायचा. मी तो त्याच्या हातात दिला तेव्हा त्याची बोटं तापलेली लागली.

‘‘आधी माझं ठरू दे,’’ इन्स्पेक्टर म्हणाला.

‘‘आधी रोग्याचं,’’ मामंजी म्हणाले.

गवंड्यानं पेला उजेडाकडं धरला. वास घेतला. मग एक घोट घेतला आणि डोळे मिटून बसला. वकिलांची मान आपोआप पुढं आली होती. मामंजी सरसावून बसले. गवंडी आता धायटीच्या नावानं खडे फोडणार याची त्यांना खात्री होती आणि धायटीच्या बाजूनं एक श्लोक त्यांच्या ओठांवर तयार होता. पण गवंड्यानं डोळे उघडलेच नाहीत.

‘‘कसं झालंय?’’ शेवटी मामंजींनीच विचारलं.

‘‘ग्वाड हाय. चांगलं हाय.’’

‘‘तुमच्या गावचं होतं तसं?’’

त्यानं आणखी एक घोट घेतला. मग पेला खाली ठेवला.

‘‘वैदा,’’ तो म्हणाला, ‘‘मला याद न्हाई.’’

कुणाला काही कळेना.

‘‘माज्या गावची चव मला याद न्हाई. लई वर्सं झाली. मला वाटलं व्हतं, जिभंवर आली की आठवंल. न्हाई आठवत. ह्यी तीच हाय का दुसरी, मला काय बी कळत न्हाई.’’

मला त्या माणसाचा इतकी वर्षं राग होता आणि आता माझ्याच डोळ्यांना धार लागली होती, ती पुसायचंही मला सुचलं नाही. शेजारीण म्हणाली, ‘‘आसं काय करता, बाबा.’’ इन्स्पेक्टर जमिनीकडं बघत होता. धायटीमुळं बिघडली, असं गवंडी म्हणाला असता तर आम्हा सगळ्यांना किती बरं वाटलं असतं.

मामंजींनी हात पुढं केला आणि पेला उचलला. आयुष्यात त्यांनी स्वतःचं आसवसुद्धा जिभेला लावलं नव्हतं. मला आजार नाही, मग औषध कशाला, म्हणायचे. पाण्याचा तांब्यादेखील कुणाचा उष्टा चालत नसे. दारूबंदी मंडळाच्या त्या अध्यक्षांनी भर ओटीवर, मंडळाच्या सभासदांदेखत, त्या उष्ट्या पेल्यातून चांगला मोठा घोट घेतला. नाडी पाहताना मिटत तसे डोळे मिटले.

‘‘हीच,’’ ते म्हणाले.

गवंड्यानं वर पाहिलं. ‘‘तुला काय ठावं?’’

‘‘माझी वैद्याची जीभ आहे. वस्तू ज्या मातीतून येते ती माती मला लागते. ही वेल्ह्याची माती नव्हे. ही तुमच्या गावची आहे.’’

वेल्ह्याच्या मातीशिवाय त्या पेल्यात दुसरी कुठलीही माती नव्हती. हे ओटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वकिलांना ठाऊक होतं, शेरडं पाठवणाऱ्या शेजारणीला ठाऊक होतं, इन्स्पेक्टरला ठाऊक होतं. कुणी चकार शब्द काढला नाही.

‘‘खरं?’’ गवंडी म्हणाला.

‘‘मी कशाला खोटं बोलू?’’ मामंजी म्हणाले आणि पेला परत त्याच्या हातात दिला.

गवंड्यानं तो दोन्ही हातांत धरला. घोट घेतला, तोंडात घोळवला, सावकाश गिळला. मग मान हलवायला लागला.

‘‘व्हय,’’ तो म्हणाला. ‘‘ह्यीच.’’